सेफ्टी ऑफिसरची खुर्ची कोणाची?

मागच्या महिन्यात एक तरुण आमच्या कार्यालयात आला. बी.एस्सी. झालेला, एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात कंत्राटदाराकडे तीन पाळ्यांत राबणारा. वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने एक चकचकीत प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवले. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य या विषयातली 'पदव्युत्तर पदविका', दूरस्थ पद्धतीने, एका वर्षात. संस्था परराज्यातली आणि अभ्यासकेंद्र म्हणजे बाजारपेठेतल्या दोन खोल्यांचा क्लास. फी भरायला आईचे डोरले गहाण पडले होते. वर्षभरात त्याने वायुमापक यंत्र हातात धरले नव्हते की एखाद्या कारखान्याची सुरक्षा तपासणी पाहिली नव्हती. चार पुस्तके आली, दोन पेपर झाले आणि प्रमाणपत्र आले. पुढे त्याच्याच कारखान्यात सेफ्टी ऑफिसरची जागा निघाली. त्याने अर्ज केला. उत्तर मिळाले, 'हे नियमात बसत नाही.'

"सर, हे खोटे आहे का?" एवढेच त्याने विचारले.

आम्ही त्याला सांगितले की, बाळा, कागद कदाचित खोटा नसेल, पण ज्या कामासाठी तू तो घेतलास त्या कामाला तो चालत नाही. तो गेल्यावर मात्र आम्हाला चैन पडेना. कारण चूक त्याची नव्हती. त्याने निवडलेला विषय बरोबर होता. आमच्या समाजातल्या शिकलेल्या पोरांनी जे विषय कधीच हाती घेतले नाहीत, त्यातला हा सर्वात महत्त्वाचा विषय आहे असे आमचे ठाम मत आहे.

कामाच्या ठिकाणी मरतो कोण, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. गटारात उतरून गुदमरणाऱ्यांची आडनावे वाचायला कोणत्याही आयोगाची गरज नाही. मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्या म्हणून सांगितले, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी तीच रक्कम तीस लाख केली. रक्कम तिप्पट झाली, माणसे उतरायची थांबली नाहीत. डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी कारखाना फुटला, पुन्हा २३ मे २०२४ रोजी फुटला. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये स्फोट होऊन अकरा कामगार गेले. अशा प्रत्येक वेळी मंत्री येतात, चौकशी समिती नेमली जाते आणि पंधरा दिवसांनी वसाहतीचा भोंगा पूर्वीसारखा वाजतो. सर्वात घातकी खाते, सर्वात घाण काम आणि कंत्राटातली सर्वात खालची पायरी कोणाच्या वाट्याला येते, हे सांगायला आमच्या वाचकांना आकडेवारीची जरुरी नाही.

आता कोणी म्हणेल, अपघाताला जात नसते. आम्ही त्याला मुंबईच्या गिरण्यांकडे बोट दाखवू. साचेखात्यात धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडी घालून तिचा धागा तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावा लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. आरोग्याच्या दृष्टीने ही पद्धत वाईटच, एकाचा रोग दुसऱ्याला देणारी. पण गिरणीत तिची चर्चा रोगावरून झालीच नाही. चर्चा झाली ती विटाळावरून! अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असे म्हणून सवर्ण विणकरांनी साचेखात्याचे दार आमच्या बापजाद्यांना बंद केले, आणि जास्त पगाराचे खाते ते. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला की तुमच्या मागण्यांत अस्पृश्यांना साचेखाते खुले करण्याची मागणी का नाही? कामगार एकतेचे पाढे म्हणणाऱ्यांना तो प्रश्न अडचणीचा वाटला. धोटा बदलला असता, तोंड लावायची पद्धत बंद केली असती, तर रोगही टळला असता आणि विटाळाचे निमित्तही उरले नसते. पण यंत्र बदलण्यापेक्षा माणूस बाहेर ठेवणे सोपे होते.

सुरक्षाशास्त्राचा पहिला धडा नेमका हाच आहे आणि तो आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करण्यासारखा आहे. धोका आवरण्याची एक उतरंड या शास्त्रात शिकवतात. धोका मुळातूनच काढून टाका, ही सर्वात वरची पायरी. ते जमत नसेल तर विषारी वस्तूऐवजी कमी विषारी वस्तू वापरा. त्यानंतर यंत्राला जाळी बसवा, धूर खेचणारा पंखा लावा, माणूस आणि धोका यांच्यामध्ये भिंत घाला. त्याखाली कामाची पद्धत, पाळ्या, परवाना, प्रशिक्षण. आणि सर्वात शेवटी, बाकीचे सगळे उपाय पुरे पडेनात तेव्हा, हेल्मेट, हातमोजे, मास्क. आमच्याकडे काय होते? ही उतरंड उलटी टांगली जाते. कंत्राटदार पहिल्या दिवशी एक पिवळे हेल्मेट देतो, रजिस्टरवर अंगठा घेतो, आणि अपघात झाला की पंचनाम्यात लिहिले जाते, 'कामगाराने सुरक्षा साधने वापरली नव्हती.' म्हणजे मेला तोच गुन्हेगार! शिकलेला माणूस तिथे असेल तर तो उलट विचारील की बाबांनो, हेल्मेट ही शेवटची पायरी. वरच्या चार पायऱ्यांचे काय केलेत ते आधी दाखवा.

गटाराचेच घ्या. हायड्रोजन सल्फाईड वायूला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असते. पण वायूचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. खाली उतरलेल्याला वाटते वास गेला, म्हणजे वायू गेला. तो आणखी दोन पायऱ्या उतरतो आणि कोसळतो. वरचा साथीदार त्याला काढायला धावतो, तोही कोसळतो. एका मॅनहोलमधून तीन-तीन प्रेते निघतात ती अशी. वायुमापक आधी आत सोडला असता, आणि मुळात यंत्राने साफसफाई करून माणूस उतरवलाच नसता, तर हे टळले असते. ही काही गूढ विद्या नव्हे. एवढे ज्ञान आमच्या वस्तीतल्या दहा पदवीधरांकडे असते तर 'बेशुद्ध होऊन पडला' या वाक्यावर समाधान मानून कोणी घरी परतले नसते.

बाबासाहेबांना या विषयाचे महत्त्व कळले होते, हे त्यांच्या कामावरून दिसते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत ते खाते त्यांच्याकडे होते. १९४३ च्या डिसेंबरात ते झरियाच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. कारखान्यांना सुरक्षा व आरोग्याबाबत सल्ला देणारी केंद्रीय यंत्रणा १९४५ साली उभी राहिली ती त्यांच्याच खात्यात; पुढे तिचेच रूपांतर आजच्या कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालयात झाले. तिची केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीव येथे आहे. आमच्या सभांतून 'बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले' असे सांगितले जाते. भावना खरी आहे, पण हिशेब नीट सांगावा: १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती, ती १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांवर आली आणि ते विधेयक मजूरमंत्री म्हणून त्यांनी मांडले. थकलेल्या हातालाच यंत्र पकडते. तास कमी करणे हाही सुरक्षेचाच उपाय होता.

आणि दूरस्थ शिक्षणाला नाके मुरडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले ते सकाळच्या वर्गांसाठी नावाजले गेले. ते वर्ग नोकरी करणाऱ्या पोरांसाठी होते. दिवसभर कचेरीत किंवा गिरणीत राबणाऱ्याला कॉलेजच्या वेळेत बसायला सांगणे म्हणजे त्याला दार बंद करणे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. कॉलेजने वेळ बदलली, विद्यार्थ्याने नोकरी सोडायची नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झाले तेव्हा त्याच गरजेला राज्याने उत्तर दिले, आणि आमच्या हजारो बहिणींनी, पोलिसांनी, एसटी कंडक्टरांनी तिथून पदव्या घेतल्या. दूरस्थ शिक्षण हलके, असे म्हणणारा माणूस बहुधा कधी रात्रपाळी केलेला नसतो.

मग सेफ्टी ऑफिसरच्या बाबतीत घोडे अडते कुठे? फॅक्टरी ॲक्ट १९४८ मध्ये सेफ्टी ऑफिसरचे कलम आले ते १९७६ च्या दुरुस्तीने. हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या, अथवा सरकारला धोक्याच्या वाटणाऱ्या कारखान्यात तो नेमायचा. भोपाळची २ व ३ डिसेंबर १९८४ ची रात्र झाल्यावर १९८७ साली आणखी दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आली. आता तो कायदा इतिहासजमा झाला आहे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कारखान्यासाठी पाचशे, घातक प्रक्रियेसाठी अडीचशे, बांधकामासाठी अडीचशे आणि खाणीसाठी शंभर कामगारांची अट आहे. हजाराचे पाचशे झाले म्हणून सरकार पाठ थोपटून घेईल. पण घातक प्रक्रियेला पूर्वी आकड्याची अट नव्हती, आता अडीचशेची आहे. डोंबिवलीसारख्या वसाहतीत अडीचशे माणसे असलेले केमिकल कारखाने असे कितीसे आहेत? शिवाय कारखान्याची व्याख्याच बदलून वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहाऐवजी वीस आणि वीज नसलेल्या ठिकाणी वीसऐवजी चाळीस कामगार अशी झाली. लहान शेडमध्ये मरणारा माणूस कारखान्यात मेला की आणखी कुठे, यावर आता वाद घालायचा.

दुसरी अडचण पात्रतेची आहे. राज्याराज्यांच्या जुन्या नियमांचा साचा साधारण एकच. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका (काही ठिकाणी भौतिक किंवा रसायनशास्त्राची पदवीही चालते), पर्यवेक्षक म्हणून काही वर्षांचा अनुभव, आणि वर राज्य सरकारने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी वा पदविका. 'मान्य केलेली' हा शब्द महत्त्वाचा. क्लासच्या जाहिरातीत नेमका तो नसतो. आणि 'पर्यवेक्षक' हा शब्द त्याहून महत्त्वाचा. आमचा पोरगा दहा वर्षे त्याच रिॲक्टरवर उभा असतो, कोणता व्हॉल्व्ह कधी अडकतो हे त्याला डोळे मिटून सांगता येते, पण कंत्राटी ऑपरेटरला सुपरवायझर कोण करतो? ज्याच्या अंगाला धोका चिकटलेला आहे त्याचा अनुभव कागदावर अनुभव नाही, आणि जो केबिनमधून पाळी संपवतो त्याचा आहे. नियम लिहिणाऱ्यांनी जातीचा विचार केला नसेल. न करताच ही चाळणी लागते, हेच तर आमचे म्हणणे आहे.

तिसरी गोष्ट वर्षभराच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाची. शीवच्या संस्थेतील किंवा तंत्रशिक्षण मंडळाची ॲडव्हान्स्ड डिप्लोमा ही एक वर्षाची पदविका या क्षेत्रात मानाची समजली जाते, आणि ती आहेही चांगली. पण जो घर चालवतो त्याने वर्षभर पगार सोडून मुंबईत राहायचे कसे? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या अडीच लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. हिशेब करा. महिन्याला वीस हजार आठशेच्या थोडे वर गेले की शिष्यवृत्ती गेली. बाप सफाई खात्याच्या निवृत्तिवेतनावर आणि मुलगा कंत्राटात, एवढ्याने ती मर्यादा ओलांडली जाते. म्हणून पोरगा दूरस्थ शिक्षणाकडे वळतो, आणि तिथे दोन खोल्यांचा क्लास त्याची वाट पाहत बसलेला असतो.

आमची मागणी तरीही 'दूरस्थ पदविकेला सरसकट मान्यता द्या' अशी नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सोप्या मागणीला टाळ्या लवकर पडतात. ३ नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी न घेता दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. न्यायालयाने २००१ ते २००५ या काळातल्या विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली आणि नंतरच्यांच्या पदव्या रद्दच केल्या. फसवले विद्यापीठांनी, भोगले विद्यार्थ्यांनी. त्यातून हे घ्यायचे की हाताचे शिक्षण पोस्टाने होत नाही. आवाज मोजण्याचे यंत्र, वायुमापक, बंदिस्त जागेतून माणूस बाहेर काढण्याची दोरी-कप्पी ही हातात घेऊनच शिकावी लागतात. अर्धवट शिकलेल्या सेफ्टी ऑफिसरच्या सहीवर जो कामगार टाकीत उतरेल, तोही आमचाच असेल.

आमचे म्हणणे असे आहे की, विषयाचा जो भाग वाचून होतो तो घरी वाचू द्या: कायदा, विषशास्त्राची मूलतत्त्वे, अपघाताची कारणमीमांसा, धोक्याचे मूल्यमापन. जो भाग हाताने होतो त्यासाठी सरकारी आयटीआय आणि तंत्रनिकेतने तालुक्यातालुक्यात उभी आहेत. रविवारी आणि सुटीत ती रिकामी असतात. तिथे सक्तीची प्रात्यक्षिके घ्या, परीक्षा कडक घ्या. राज्याच्या मुक्त विद्यापीठाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या सोबतीने अशी पदव्युत्तर पदविका आखावी आणि ती सेफ्टी ऑफिसरच्या पदासाठी मान्य असल्याचे शासनाने आधीच राजपत्रात जाहीर करावे, नंतर नव्हे. या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी जिथे काम करतो तो कारखानाच त्याची प्रयोगशाळा. शहरातल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला जो धोका पुस्तकात शोधावा लागतो तो याच्या पाळीवर रोज हजर असतो. इथे दूरस्थ विद्यार्थी मागे नसतो, चार पावले पुढे असतो.

आणि हे सगळे मराठीत झाले पाहिजे. नियमच सांगतो की बहुसंख्य कामगारांची भाषा सेफ्टी ऑफिसरला पुरेशी आली पाहिजे. मग त्याला शिकवणारी पुस्तके इंग्रजीत का? टाकीवर इंग्रजीत लिहिलेली धोक्याची पाटी साफसफाईला आणलेल्या नाका कामगाराला वाचता येत नाही, हे कोणालाच कसे दिसत नाही? आखाती देशांत जायला इंग्लंडच्या नेबॉश संस्थेचे प्रमाणपत्र चालते म्हणून आमचे काही तरुण कर्ज काढून ते करतात. त्यांना आमचा विरोध नाही. ज्याला दुबईला जायचे त्याने जावे. पण तळोजा, बुटीबोरी आणि वाळूजचा कामगार ज्या भाषेत किंचाळतो त्या भाषेतला सुरक्षेचा अभ्यास इथेच उभा राहिला पाहिजे.

एक आक्षेप आम्ही स्वतःच घेऊन ठेवतो. सेफ्टी ऑफिसर हा अखेर मालकाचा पगारी नोकर. आपला माणूस त्या खुर्चीत बसला तरी तो मालकाच्याच बाजूने सही करणार नाही कशावरून? प्रश्न रास्त आहे. आरक्षणातून साहेब झालेले किती जण वस्तीकडे वळून पाहतात, याचा अनुभव चळवळीला पुरेसा आहे. म्हणून आमचा सगळा भरवसा एका खुर्चीवर नाही. हा अभ्यास युनियनच्या कार्यकर्त्याने करावा, सुरक्षा समितीवर कामगारांतर्फे बसणाऱ्याने करावा, सफाई कामगारांच्या संघटनेने आपल्यातल्या दोन पदवीधरांना वर्गणी काढून पाठवावे. नगरपालिकेच्या गटारावर कोणताही सेफ्टी ऑफिसर उभा नसतो. तिथे मुकादम आणि कंत्राटदार यांच्यामध्ये उभे राहून 'आधी वायू मोजा, मग बोला' असे सांगणारा माणूस मालकाच्या पगारावर नसलेलाच हवा. त्याला कागदावर पदविका नसली तरी चालेल, पण डोक्यात ती हवी.

नव्या संहितेखाली सेफ्टी ऑफिसरची पात्रता ठरवण्याचा अधिकार सरकारच्या नियमांना आहे. म्हणजे पर्यवेक्षकाच्या अनुभवाची अट, मान्य पदविकांची यादी, भाषेची अट हे सगळे पुन्हा लिहिता येते. नियमांचे मसुदे राजपत्रात येतात, हरकती मागवल्या जातात, आणि हरकती पाठवतात त्या मालकांच्या संघटना. आमच्या बाजूने किती पत्रे जातात? आरक्षणाच्या मसुद्यावर आम्ही मोर्चा काढतो आणि काढलाच पाहिजे. पण 'पर्यवेक्षक' या एका शब्दावर हरकत घ्यायलाही पन्नास पत्रे निघाली पाहिजेत. आमच्या वकील आणि अभियंता बांधवांनी हे काम अंगावर घ्यावे. पत्राचा मसुदा आम्ही छापू.

त्या तरुणाला आम्ही शेवटी काय सांगितले? फी भरण्याआधी तीन ठिकाणी विचार, असे सांगितले. युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाला त्या वर्षासाठी त्याच अभ्यासक्रमाची परवानगी आहे का, ते पाहा. अभ्यासकेंद्र भाड्याने चालवायला दिलेले असेल तर उठून ये, तसे चालवायला युजीसीची बंदी आहे. आणि सुरक्षा संचालनालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचार की ही पदविका सेफ्टी ऑफिसरच्या पदाला चालते का. उत्तर तोंडी दिले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाक. दहा रुपयांचे काम आहे. त्याने वहीत लिहून घेतले. पिशवीतली ती चार पुस्तके तो टाकून देणार होता. आम्ही म्हटले, टाकू नकोस, तुझ्या पाळीतल्या पोरांना रविवारी विहारात बसवून त्यातला वायूंचा धडा मराठीत सांग. पुढच्या रविवारी सात जण आले होते, असा त्याचा निरोप आहे.